टाचेनं की चवड्यानं?

मी पायाळू. जन्माला येताना डोक्याऐवजी माझे पाय आधी आले. त्यात माझं कर्तृत्व शून्य. जे काही होतं ते आईचं आणि सुईणीचं. पण खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात एवढ्या भांडवलावर लहानपणी मला भलतीच पत होती. भाताची रोपलावण सुरू झाली की कुणाची ना कुणाची पाठ धरायची. उसण भरली म्हणायचे. मग सांगावा यायचा, "पोरीला जरा लावून द्या."

उसण भरलेला माणूस सोप्यात घोंगड्यावर पालथा पडलेला असायचा. कुणीतरी मला काखेत धरून उचलायचं आणि मी त्याच्या पाठीवर पाय द्यायचा. कधी कट् असा आवाज यायचा, कधी यायचा नाही. माणूस आयायाय करत उठायचा, ओटीवर दोन फेऱ्या मारायचा आणि म्हणायचा, "गेली." माझ्या हातावर गुळाचा खडा. न गेली तर दुसऱ्या दिवशी परत मी, परत गूळ. एकदा एका बाप्याच्या पाठीवर उठलेली गळवं बघून मी पाय मागे घेतला, तर आत्यानं मागून ढकललं. नऊ वर्षांच्या पोरीला कोण विचारतंय.

त्या सगळ्या कारकिर्दीत मला एकच पेशंट वेगळी भेटली. गावाच्या वरच्या अंगाला राहणारी एक म्हातारी. घोंगड्यावर पालथी झाली, मी पाय उचलला, तर खालून आवाज आला, "थांब पोरी. आधी सांग, टाचेनं देणार की चवड्यानं?"

यात काही फरक असतो हेच मला ठाऊक नव्हतं. मी आपलं म्हटलं, चवड्यानं.

"मग दे. डाव्या अंगाला. उजव्याला लावू नको, तिथलं हाड मोडून बसलेलं हाय."

बायका फिदीफिदी हसल्या. म्हातारी लई चौकस बाई, म्हणाल्या. मलाही हसू आलं होतं.

पुढं मी मिरजेला नर्सिंग केलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डॉ. विल्यम वॉनलेस तिथं आले, तेव्हापासून मिरज हे साऱ्या सीमाभागाचं दवाखान्यांचं गाव. अथणी, रायबाग, चिकोडीकडची माणसं दुखणं मोठं झालं की आजही तिकडची वाट धरतात. शिकत असताना मी त्या गावात कन्नड म्हाताऱ्यांना मराठी कागदावर अंगठा देताना पाहिलं. मग बेळगावात नोकरी लागली. इथं मराठी म्हाताऱ्या इंग्रजी-कन्नड कागदावर अंगठा देत होत्या. शाईचा पॅड तेवढा सगळीकडं सारखा.

सर्जिकल वॉर्डात माझी एकूण पंचवीस-सव्वीस वर्षं गेली. कोणत्या हॉस्पिटलात ते सांगत नाही, कारण जे सांगणार आहे ते कुठल्याही हॉस्पिटलात घडलं असतं. सकाळी ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरातून, फोन यायचा, "कन्सेन्ट झाली का?" कन्सेन्ट म्हणजे ऑपरेशनला संमती दिल्याचा तो कागद. तो झाला की पेशंट तयार. उपाशी ठेवणं, सलाईन लावणं, बांगड्या-मंगळसूत्र काढून नातेवाइकांच्या ताब्यात देणं आणि सही घेणं, अशी ती यादी होती आणि सहीचा नंबर बांगड्यांच्या नंतर. समोरच्या पानावर इंग्रजी, मागच्या पानावर कन्नड. मराठी फॉर्म छापून यायचे ते चार महिने पुरायचे. मग झेरॉक्स, मग झेरॉक्सची झेरॉक्स, आणि शेवटी अक्षरांच्या जागी नुसती राख. मी बोट ठेवायची आणि म्हणायची, "इथं." कन्नड पेशंट असेल तर, "इल्ली सही माड्री." किती हजार वेळा म्हटलं असेन, हिशोब नाही. त्या कागदावर काय लिहिलंय ते मी स्वतः पहिल्यांदा पूर्ण कधी वाचलं ते मात्र पक्कं आठवतं.

१९९८ च्या सुमाराची गोष्ट. निपाणीकडची एक बाई दाखल झाली होती. विड्या वळणारी, तिशीची, दोन मुली. सोनोग्राफीत खडे निघाले होते. आमचे डॉक्टर धारवाडकडचे, मनानं अतिशय चांगले, मराठी तोडकं बोलायचे पण बोलायचे. त्यांनी तिला सांगितलं, "पिशवीत खडे झालेत, पिशवी काढायची. काळजी नको." नवऱ्यानं बाहेर सही केली. सगळं रीतसर.

रात्रपाळीला मी फेरी मारत होते. बाई जागी, तोंडावर पदर.

"सिस्टर, एक इचारू काय? पिशवी काढल्यावर परत दिवस जात न्हाईत न्हवं?"

मला आधी कळेचना. मग लख्ख कळलं. आपल्याकडं बायका पिशवी म्हणतात ती एकाच गोष्टीला. "तिची पिशवी काढली" हे वाक्य गल्लीतल्या कुणालाही म्हणा, पुढं सांगावं लागत नाही. ही बाई दोन दिवस मनात धरून बसली होती की आपलं गर्भाशय काढणार आहेत. घरी मुलगा हवा म्हणून धोशा, आणि नवऱ्यानं तर सही करून टाकलेली. तिनं कुणाला विचारलं नाही, कारण डॉक्टर इतके गोड बोलले होते.

मी टेबलावरचा फॉर्म आणला. मराठी नव्हताच. वॉर्डातली आया गोकाकची, तिला म्हटलं, कन्नड बाजू मोठ्यानं वाच. ती अडखळत वाचत गेली. वर मथळाच 'सम्मति पत्र'. तो ऐकून निपाणीची बाई म्हणाली, "संमतीपत्र व्हय?" अक्षरं बघून जे आयुष्यात कळलं नसतं ते कानाला कळलं. पुढं 'शस्त्रचिकित्से' आलं, 'अपाय' आलं, 'परिणाम' आलं. आणि मग हातानं भरलेल्या ओळीत 'पित्तकोश'. "पित्त?" ती उठून बसली. "पित्ताची पिशवी?" कागद बिचारा स्पष्ट होता. घोटाळा केला होता तो आमच्या बोलण्यानं.

एक शब्द मात्र तिघींनाही नडला, 'अरिवळिके'. आयानं खूप वेळ विचार करून सांगितलं: अरिवु म्हणजे जाण, ती जाते ते. म्हणजे आपली भूल. तेव्हापासून मला वाटतं, कन्नड शब्द जास्त सरळ आहे. भूल म्हटलं की आपल्याला चकवा आठवतो.

मी फॉर्मच्या कोपऱ्यात बॉलपेननं काळीज आणि त्याखाली लोंबणारी पिशवी काढली. (आमच्याकडं यकृतालाही काळीजच म्हणतात, त्याचा घोटाळा वेगळाच, तो पुन्हा कधी.) बाई चित्राकडं बघत राहिली आणि मग तिनं प्रश्नांचा सपाटा लावला. ही पिशवी पोटात कशाला असती? पित्त साठवायला. मग काढल्यावर पित्त कुठं जातंय? थेट आतड्यात उतरतं, जेवणं नेहमीची होतात. मग देवानं कशाला दिली? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. न्हाय काढली तर काय हुतंय? मी सांगितलं: काहींना काहीच होत नाही, पण तुला कळा येऊन गेल्यात, तर परत येण्याचा संभव बराच, खडा नळीत अडकला तर कावीळ, सूज, मग घाईनं करावं लागतं. काढताना काय वाईट हुतंय? आता मात्र माझी जीभ अडली. नर्सनं हे सांगायचं नसतं. सकाळी डॉक्टरांना सांगितलं, ते येऊन स्टुलावर बसले, दहा मिनिटं बसले. बाईनं स्वतः सही केली, मराठी तिसरीपर्यंत शिकलेली सही, नवऱ्याच्या सहीच्या वर.

कायद्याचे विद्यार्थी ज्यावर निबंध लिहितात ते सगळं त्या बाईनं रात्री दोन वाजता विचारलं होतं. काय करणार, कशासाठी, त्यात धोका काय, दुसरी वाट कोणती, आणि काहीच केलं नाही तर काय.

दहा वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, सुप्रीम कोर्टाचा समीरा कोहली खटल्याचा निकाल आला, तेव्हा मला ही बाई आठवली. तिची भीती तिथं खरी झालेली होती. दिल्लीतली चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, १९९५ साली दुर्बिणीतून तपासणी करायला टेबलावर गेली. तपासणीची संमती दिली होती, आणि गरज पडली तर पोट उघडायची. भुलीत असतानाच डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजकोष काढून टाकले. कोर्टानं म्हटलं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे. पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नाही, थोड्या वेळानं ती शुद्धीवर येणार आहे; मग आईची सही चालत नाही, थांबायचं आणि तिला विचारायचं. भरपाई दिली पंचवीस हजार रुपये. रकमेबद्दल मी काही बोलत नाही. पण ओटीच्या दाराबाहेर बाकावर बसलेल्या आया, नवरे, थोरले भाऊ यांच्या सह्यांवर आमचा अख्खा वॉर्ड चालायचा, हे त्या निकालानं मला दाखवलं.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती डॉक्टरांच्या बाजूची आहे. कोर्टानं अमेरिकेतलं माप इथं जसंच्या तसं लावलं नाही. आवश्यक उपचाराला माणूस घाबरून नाही म्हणेल असे लांबचे, पुस्तकातले धोके एकूण एक सांगायला हवेत असं नाही, असं म्हटलं. हे मला तेव्हा पटलं होतं आणि आजही बरंचसं पटतं. 'बरंचसं' का, ते पुढं येतंय.

मी निवृत्त झाले २०१९ ला. आयुष्यभर पेशंटना उचलून, कुशीवर वळवून कंबर कामातून गेलेली. गेल्या वर्षी गौरीगणपतीची भांडी माळ्यावरून काढताना ती अशी धरली की सरळ उभी राहता येईना. आता मला कोणी पायाळू आणणार? पुण्याच्या भाच्यानं फोनवर व्हिडिओ दाखवला: कायरोप्रॅक्टिक. माणसाला आडवा करून एक झटका, मोबाईलमधून कटाकट आवाज, आणि पेशंट डोळे विस्फारून हसतोय. मी म्हटलं, अरे हे तर मी नवव्या वर्षी करत होते.

तसं ते फार वेगळं नाही आणि तसं आहेही. आयोवामधल्या डॅव्हनपोर्ट गावी १८९५ च्या सप्टेंबरात डॅनियल डेव्हिड पामर नावाच्या, लोहचुंबकी उपचार करणाऱ्या गृहस्थानं हार्वी लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचं गेलेलं ऐकू आलं असा दावा केला. ग्रीक भाषेत हाताला 'खेइर' म्हणतात, त्यावरून विद्येचं नाव पडलं. कान बंद, उपचार पाठीवर. तेव्हापासूनच या विद्येला दुखण्याच्या जागेचं फारसं बंधन नसावं. तरी एक खरं: कंबरदुखीवर हातानं मणक्याला झटका देऊन काहींना थोडाफार आराम मिळतो, व्यायामानं, मालिशनं मिळतो तितका. आणि नुसती भरलेली उसण बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. गुळाचा खडा मी फुकटच खात होते म्हणायचा.

बेळगावातच तसं एक क्लिनिक होतं, तिथं गेले. थंडगार, पांढरंशुभ्र. रिसेप्शनवरच्या मुलीनं टॅब पुढं केला. इंग्रजीत अकरा-बारा मुद्दे, बारीक अक्षरात, आणि खाली चौकोन. मी चष्मा पर्समध्ये शोधत होते तोवर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "काकू, इथं."

माझाच सूर. माझंच बोट. मी निमूटपणे तर्जनीनं सही गिरवली. शाई नाही एवढाच काय तो फरक, बाकी अंगठाच.

आत तरुण, हसरा मुलगा. पालथं झोपवलं, कंबर पाहिली, कुशीवर घेऊन झटका दिला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मी उताणी झाले, त्यानं दोन्ही हातांत माझं डोकं धरलं, म्हणाला, "रिलॅक्स," आणि मान एकदम उजवीकडं फिरवली. कट्. लगेच डावीकडं. कट्.

मी मानेची तक्रार केलीच नव्हती.

तो आवाज हाडांचा नसतो. सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा बुडबुडा असतो, बोटं मोडताना येतो तोच. हे मला माहीत होतं. मला हेही माहीत होतं की मेंदूकडं जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून, सुईत ओवल्यासारख्या वर चढतात, आणि मान झटक्यानं पिरगळली तर क्वचित त्यांचं आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते, पक्षाघात होतो. क्वचितच. आणि काही अभ्यासक म्हणतात की अस्तर आधीच फाटलेलं असतं, त्यानंच मान दुखत असते आणि म्हणून माणूस मान मोडून घ्यायला जातो. असेलही. पण २०२४ मध्ये बळ्ळारीच्या एका तिशीतल्या माणसाची बातमी आपल्याकडच्या पेपरांत आली होती: सलूनमध्ये मालिश करताना मान पिरगळली, रक्तवाहिनी फाटली, पक्षाघाताचा झटका आला. आणि माझी हाडं ठिसूळ झालीत, दोन वर्षांपूर्वीच तपासणीत निघालंय. ते मला कुणी विचारलं नाही. कदाचित त्या अकरा-बारा मुद्द्यांत असेल.

रिक्षानं शहापूरला परत येताना कंबर खरंच हलकी वाटत होती आणि मी संतापले होते. झालं काहीच नव्हतं. काही झालं असतं तर रागाला जागा तरी असती. हा राग कुठं ठेवायचा ते कळेना, आणि गोगटे सर्कलपर्यंत येता येता लक्षात आलं की त्यातला निम्मा माझ्यावरच आहे.

आठवड्यानं मी परत गेले, उपचाराला नव्हे. म्हटलं, बाळा, मानेला हात लावायच्या आधी विचारायला हवं होतंस. मुलगा नम्र होता. म्हणाला, "काकू, सांगितलं की लोक घाबरतात. घाबरले की मान ताठ धरतात. ताठ मानेवर झटका दिला तर उलट त्रास होतो. म्हणून बोलण्यात गुंतवून करावं लागतं."

हे खोटं नव्हे. इंजेक्शन देताना मीही पोरांना "तो बघ कावळा" म्हणत आलेच की. आणि वॉर्डातले सर्जनही म्हणायचे, सगळं सांगत बसलो तर एकही माणूस टेबलावर चढणार नाही. पण कोर्टानं सूट दिली होती ती आवश्यक उपचाराला. अपेंडिक्स फुटायला आलंय, तिथं दहा हजारांत एक धोका मोजत बसणं वेडेपणाचं. माझ्या मानेला मात्र काही झालंच नव्हतं. नाही केलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? मला तरी वाटतं, गरज जितकी कमी तितकं सांगणं जास्त लागतं, आणि आपल्याकडं चाललंय उलटं. मोठ्या ऑपरेशनला चार सह्या, आणि झटक्याला, मालिशला, "जरा एक इंजेक्शन देऊन टाकू"ला काहीच नाही.

तो म्हणाला, "मग काय करू, प्रत्येकाला मराठीत फॉर्म देऊ?" मी म्हटलं, फॉर्म नंतर दे, आधी तोंडानं विचार. यावर तो हसला. पुढं काय करतो कोण जाणे.

मराठी फॉर्मचं त्यानं काढलंच म्हणून सांगते. आमच्या बेळगावात पाट्यांवरून काय काय झालंय ते सगळ्या महाराष्ट्राला आणि कर्नाटकाला ठाऊक आहे. दुकानाची पाटी, बसची पाटी, कोणत्या लिपीत किती मोठं अक्षर, यावर डोकी फुटलीत. २०१७ च्या नोव्हेंबरात खासगी दवाखान्यांच्या कायद्यातल्या दुरुस्तीविरुद्ध राज्यभरचे डॉक्टर इथं सुवर्णसौधला, म्हणजे इथल्या विधानभवनात भरलेल्या अधिवेशनावर चालून आले, तोही मोर्चा मी पाहिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तर पेशंटला कळेल त्या भाषेत सांगावं असं आहे. पण संमतीचा कागद आम्हाला वाचता येईल अशा लिपीत द्या, म्हणून मराठी माणसांनी इथं किंवा कन्नड माणसांनी मिरजेत कधी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही. पाटीवरचं अक्षर आपलं असतं. पोटातल्या पिशवीचं मात्र डॉक्टरांवर सोडलेलं.

आमच्या गल्लीत पलीकडच्या घरात एक बाई राहतात, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठ्या. परवा दुपारी भिंतीला धरत धरत आल्या.

"काय गे, तू पायाळू न्हवं? उसण भरल्या बघ. जरा पाय लाव की."

मी म्हटलं, आक्का, आधी सांगा, कळ पायात उतरते का? मुंग्या येतात? लघवीला काही अडचण? कधी पडला होता? हाडांची तपासणी झालीय? गोळ्या कसल्या चालू आहेत, रक्त पातळ व्हायची आहे का त्यात? मी पाय दिला तर बरगडीला इजा होऊ शकते, आणि नाही दिला तरी पंधरा दिवसांत बहुतेक आपोआप थांबेल, असंही सांगितलं.

आक्का ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लावायचा तर लाव, न्हाईतर ऱ्हाऊ दे. एवढं तर हॉस्पिटलात बी इचारत न्हाईत." आणि गेल्या.

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत दारात. हातात औषधांच्या पट्ट्यांची पिशवी, नातवानं वहीच्या पानावर लिहून दिलेली उत्तरं, आणि मी चष्मा लावून वाचते आहे तोवर त्या चटईवर पालथ्या झाल्यासुद्धा.

"रक्त पातळ व्हायची गोळी हाय बघ त्यात. तेव्हा पाय नको देऊस. शेक तेवढा दे. आणि कढत नको."